सुनेचं ‘प्रीपोन’ आणि बाईंचा लाल पेन

वाचकाचं पत्र, थोडक्यात : नागपुरातल्या एका निवृत्त शिक्षिकेनं लिहिलं आहे. वय ६३. हायस्कूलमध्ये ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. घरात यजमान, मुलगा, सून आणि चौथीतला नातू. सून मूळची हिंगणघाटची, मराठी माध्यमातून शिकलेली, आता मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला. दीड महिन्यापूर्वी तिनं घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इंग्रजीत निरोप टाकला : रविवारचं जेवण ‘प्रीपोन’ करून बारा वाजता ठेवलंय, कृपया ‘रिव्हर्ट बॅक’ करा. बाईंनी त्याखाली लगेच लिहिलं, की ‘प्रीपोन’ असा शब्द इंग्रजीत नाही आणि ‘रिव्हर्ट बॅक’ तर साफ चूक. ग्रुपवर बावीस माणसं, त्यात सुनेचे आईवडीलही. तेव्हापासून सून तिथे एक अक्षर लिहीत नाही, नुसता अंगठा टाकते. बाई पुढे म्हणतात : “मुलगा प्रत्येक वाक्यात ‘बेसिकली’ आणि ‘लिटरली’ घालतो. नातू ‘प्लीज’चं ‘पीएलझेड’ करतो. शाळेच्या डायरीत त्याच्या मॅडमच ‘टुडे इटसेल्फ’ लिहितात. बर्डीवरच्या दुकानांच्या पाट्यांची स्पेलिंगं पाहून तर अक्षरशः डोकं फुटतं. मी प्रेमानं दुरुस्त करते, आणि घरचे म्हणतात मी टोचते. चुकीचं इंग्रजी मुकाट्यानं गिळायचं का?”

बाई,

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. ‘प्रीपोन’ हा शब्द इंग्रजीत आहे. ऑक्सफर्डच्या शब्दकोशात तो भारतीय इंग्रजीतला शब्द म्हणून नोंदलेला आहे. तुम्ही शिकवायला लागलात तेव्हा तुमच्या हाताशी असलेल्या कोशात तो नसेल, हे मी समजू शकते. पण तुमच्या सुनेनं त्या दिवशी जो शब्द वापरला, तो चुकीचा नव्हता. बावीस माणसांसमोर तिला जे सांगितलं गेलं, ते चुकीचं होतं.

आणि शब्द म्हणून पाहिला तर तो किती नेटका आहे! ‘पोस्टपोन’मध्ये लॅटिनमधलं ‘पोस्ट’ म्हणजे नंतर आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणं. त्यातलं ‘पोस्ट’ काढून ‘प्री’ घातलं, झाला ‘प्रीपोन’. इंग्लंडमधला माणूस त्या जागी ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणतो. आता ‘फॉरवर्ड’ म्हणजे पुढे, आणि आपल्या मराठी कानाला कार्यक्रम ‘पुढे गेला’ म्हणजे उशिराचा झाला. बाराचं जेवण ‘पुढे आणलं’ म्हटलं तर निम्मे पाहुणे दोनला येतील. ही अडचण आपली आहे, लंडनच्या माणसाची नाही, म्हणून माझ्या मते हा शब्द आपल्याकडेच रुजला. ज्यांना गरज होती त्यांनी तो रुजवला.

‘रिव्हर्ट बॅक’बद्दल मात्र तुमचं बरंचसं बरोबर आहे. ‘रिव्हर्ट’चा मूळ अर्थ पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. ‘उत्तर पाठवा’ या अर्थानं तो आपल्या ऑफिसांमध्ये चालतो, सिंगापूर-मलेशियातही चालतो. त्याला पुन्हा ‘बॅक’ जोडलं की परतीचा परत प्रवास होतो. पण आपण मराठीत ‘पिवळा पीतांबर’ म्हणतोच ना? ‘गाईचं गोमूत्र’ म्हणतो. बोलणाऱ्याला एका शब्दानं पुरेसं वाटत नाही, तेव्हा तो दुसरा जोडतो. व्याकरणाच्या तासाला त्यावर खूण करावी. जेवणाच्या आमंत्रणावर ती करायची का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तुमच्या पत्रातला खरा प्रश्न मला तोच वाटतो.

त्याआधी तुमच्या त्या ‘लिटरली’कडे वळते, कारण त्याचा राग मलाही यायचा. ‘आय लिटरली डाइड’ म्हणणारी मुलगी समोर धडधाकट उभी असते, मग ‘लिटरली’ कशाला? पण बाई, तुमच्या पत्रात तुम्हीच लिहिलंय, की पाट्या पाहून ‘अक्षरशः डोकं फुटतं’. ‘लिटरली’ लॅटिनच्या ‘लिट्टेरा’वरून आला, आणि ‘लिट्टेरा’ म्हणजे अक्षर. म्हणजे ‘लिटरली’ आणि ‘अक्षरशः’ ही सख्खी जुळी भावंडं म्हणायला हरकत नाही. मे महिन्यात आपण सगळे उन्हात ‘अक्षरशः भाजून’ निघतो आणि कोणी जळालेलं नसतं. ऐकणाऱ्याला कळतं, की हा शब्द इथे जोर द्यायला आला आहे, खरं-खोटं सांगायला नाही. चार्ल्स डिकन्सनं १८३९ साली पूर्ण झालेल्या कादंबरीत एका क्रूर शाळामास्तराचे डोळे ‘लिटरली’ मेजवानी झोडत होते असं लिहिलं आहे. मुलाचा ‘लिटरली’ तुम्हाला नवा वाटतो, पण तो तुमच्या-माझ्या आजीच्या आजीपेक्षा जुना आहे.

इंग्रजी बिघडत चाललं आहे, हे तुमच्या पत्राचं गृहीतक आहे. थोडं मागे जाऊन पाहू. १७१२ साली लेखक जोनाथन स्विफ्टनं इंग्रजी सुधारावी आणि कायमची पक्की करावी म्हणून एक जाहीर पत्रच लिहिलं. शब्द तोडून आखूड करण्याच्या फॅशनवर त्याचा फार राग होता. ‘मॉब’ हा शब्द त्याला अजिबात सहन होत नसे. लॅटिनमधल्या ‘मोबिले वल्गुस’ची, म्हणजे चंचल जमावाची, ती शेपूट तोडलेली आवृत्ती. आज तोच शब्द आपल्या मराठी वर्तमानपत्रांतसुद्धा बिनदिक्कत छापला जातो. तुमचा नातू ‘प्लीज’चं जे करतो, ते स्विफ्टच्या काळातली तरुण मंडळी करत होतीच.

अपॉस्ट्रॉफीवर तर तुम्ही आयुष्यभर किती लाल शाई खर्च केली असेल! ‘इट्स’ म्हणजे ‘ते आहे’ असेल तर वर स्वल्पविरामासारखी खूण, ‘त्याचं’ असेल तर खूण नाही. १७८७ च्या अमेरिकेच्या राज्यघटनेत, मूळ हस्तलिखितात, ‘त्याचं’ या अर्थाचं ‘इट्स’ अपॉस्ट्रॉफी देऊन लिहिलेलं आहे. त्या काळात तसं लिहिण्याची रीतही होती. आजचा नियम वेगळा आहे आणि परीक्षेत तोच पाळायचा. पण ज्यांनी एक देश उभा केला त्यांच्या हातूनही आज आपण जिला चूक म्हणतो ती सुटली होती, हे कळलं की समोरच्या दहा वर्षांच्या पोरावर आपला आवाज चढत नाही.

स्पेलिंगचं तर विचारूच नका. ‘डेट’ म्हणजे कर्ज, यातला मुका ‘बी’ कुणाच्याच तोंडी नव्हता. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा तो नव्हताच. पुढे विद्वानांना लॅटिनमधलं ‘डेबिटुम’ आठवलं आणि त्यांनी ‘बी’ आणून बसवला. ‘आयलंड’मधला ‘एस’ही असाच, लॅटिन ‘इन्सुला’शी नातं लावण्याच्या हौसेपायी घुसला, आणि त्या शब्दाचं तर लॅटिनशी नातंच नव्हतं. कॅक्स्टननं १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, त्याच्या छापण्यात ‘घोस्ट’मधला ‘एच’ बेल्जियमकडच्या फ्लेमिश भाषेच्या वळणानं आला आणि राहिला. म्हणजे ज्या स्पेलिंगांसाठी आपण मुलांच्या हातावर पट्ट्या मारल्या, त्यातली काही मुळात शहाण्या माणसांच्या चुका आहेत.

तुम्ही संत्र्याच्या गावात राहता म्हणून एक उदाहरण खास तुमच्यासाठी. ‘ऑरेंज’ हा शब्द संस्कृतातल्या ‘नारंग’पासून फारसी, अरबी असा फिरत युरोपात गेला, आणि तिकडे त्याचा पहिला ‘न’ गळाला. तसाच ‘एप्रन’ पूर्वी ‘नॅप्रन’ होता. ‘अ नॅप्रन’ ऐकताना लोकांनी ‘अ‍ॅन एप्रन’ ऐकलं, आणि तेच बरोबर ठरलं. नातवाला हे सांगून पाहा. सोबत हेही सांगा, की ‘मंगूस’ हा इंग्रजी शब्द आपल्या मराठी ‘मुंगूस’वरून गेला आहे. म्हणून त्याचं अनेकवचन ‘गूस-गीस’सारखं ‘मंगीस’ होत नाही, ‘मंगूसेस’ होतं. चौथीतलं पोर हे आयुष्यभर विसरणार नाही.

आपल्या मराठीचंही काही वेगळं नाही. तुमच्या-माझ्या आईच्या पत्रांत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘तेथें’ असं अनुस्वार देऊन लिहिलेलं असायचं. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य झाले, आणि कालपर्यंत जे शुद्ध होतं ते जुनं झालं. आईचं मराठी त्या दिवशी बिघडलं नाही.

आता जरा अवघड बोलते. रागावू नका.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मुलाच्या ‘बेसिकली’चा त्रास त्यात आहे, नातवाचा आहे, शाळेतल्या मॅडमचा आहे, दुकानदाराचा आहे. पण चारचौघांत प्रत्यक्ष दुरुस्त केलं, असा प्रसंग एकच आहे, आणि तो सुनेचा. मुलगाही त्याच ग्रुपवर असेल. त्याच्या ‘लिटरली’खाली तुम्ही कधी काही लिहिलंत का? लिहिलं नसेल तर का नाही, हे एकदा स्वतःला विचारा. तो इंग्रजी माध्यमातला, त्याचे उच्चार झोकदार, म्हणून त्याची चूक आपल्याला लकब वाटते. ती हिंगणघाटच्या मराठी शाळेतली, म्हणून तिची चूक चूक वाटते, आणि तिचा बरोबर शब्दही चूक वाटतो. तुम्ही हे जाणूनबुजून केलं असं मी म्हणत नाही. कान असाच शिकलेला असतो. कुणाच्या तोंडून येतंय ते आधी ऐकतो, काय येतंय ते मग.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी नागपूरच्याच महाल भागात वाढले. एकोणिसाव्या वर्षी पुण्याला शिकायला गेले. होस्टेलच्या मेसमध्ये पहिल्याच आठवड्यात कोणीतरी हाक मारली, मी म्हटलं, “मी जेवून राहिली.” टेबलावर हशा पिकला. “जेवून कुठे राहिलीस गं?” पुढे चार महिने मी मेसमध्ये तोंड उघडलं नाही. ‘जेवतेय’ म्हणायला शिकले, मग दिवाळीत घरी आले तर आई म्हणाली, “पुणेरी होऊन आली का तू?” ‘करून राहिला’, ‘येऊन राहिलो’ हे आपल्याकडचं साधं, नियमबद्ध व्याकरण आहे. हिंदीतल्या ‘कर रहा है’ला ते अगदी जवळचं आहे, आणि १९५६ पर्यंत हे शहर हिंदी-मराठी दोन्ही बोलणाऱ्या मोठ्या प्रांताची राजधानी होतं, त्याच्या जिभेवर दोन्ही भाषा असणारच. हे सगळं मला नंतर कळलं. त्या टेबलावर मला एवढंच कळलं होतं, की माझं बोलणं खालच्या दर्जाचं आहे. ज्यांनी हसलं त्यांना तो प्रसंग आज आठवतही नसेल.

तुमची सून अंगठा टाकते, त्यात मला माझं मेसमधलं गप्प बसणं दिसतं. तिच्या वडिलांनीही तो निरोप वाचला आहे, हे विसरू नका.

मग चुकीचं इंग्रजी गिळायचं का? नाही. तुमच्याजवळ ३१ वर्षांची विद्या आहे, ती कुलूप लावून ठेवायची नाही. पण कुठली चूक कुणाला महागात पडते, ते बघून ती वापरायची.

घरच्या ग्रुपवरचा निरोप सगळ्यांना कळला, लोक बाराला जेवायला आले, म्हणजे भाषेचं काम झालं. सुनेच्या ऑफिसची मेल जर परदेशातल्या ग्राहकाला जात असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे ‘प्रीपोन’ समोरच्याला कदाचित कळणारच नाही. ‘आय हॅव अ डाउट’ हे आपण ‘मला एक शंका आहे’ या अर्थानं लिहितो. आपल्या ‘शंके’त प्रश्नही बसतो आणि संशयही. इंग्रजी ‘डाउट’मध्ये संशयच जास्त, त्यामुळे ग्राहकाला वाटू शकतं की हिचा आपल्यावर विश्वास नाही. ‘२०१५ मध्ये पास आउट झाले’ हे वाक्य भारताबाहेर कुणी वाचलं तर बाई चक्कर येऊन पडल्या असा अर्थ निघतो. लष्करी कॅडेटांच्या पासिंग आउटवरून ते आपल्याकडे सगळ्या कॉलेजांना लागू झालं. ‘डू द नीडफुल’ जुन्या ब्रिटिश कारकुनी भाषेतून आलं आणि आपल्याकडे टिकलं. आपल्याला ते अदबीचं वाटतं, आजच्या अमेरिकन माणसाला ते विचित्र किंवा हुकमी वाटू शकतं. इथे तुमची मदत तिला खरोखर उपयोगी पडेल. मात्र तिनं मागितली तर, आणि दोघींमध्येच.

उलट ‘टुडे मॉर्निंग’, ‘डिस्कस अबाउट’, ‘कझिन ब्रदर’ यांच्यामागे आपली मराठी उभी आहे. ‘आज सकाळी’, ‘याबद्दल चर्चा’. आणि कझिनचं काय सांगू? आपल्याकडे चुलत, मामे, मावस, आते, त्यात पुन्हा भाऊ की बहीण. इंग्रजी या सगळ्यांना एकाच पोत्यात घालते. ‘ब्रदर’ जोडून निदान तो मुलगा आहे एवढं तरी आपण वाचवतो. निबंधात खूण करा. बैठकीत पाहुण्याची ओळख करून दिली जात असताना नको.

तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला एक जुनी युक्ती माहीत असेलच : मूल चुकलं की ‘चूक’ न म्हणता आपल्या उत्तरात बरोबर वाक्य म्हणून दाखवायचं. सुनेनं ‘लेट अस डिस्कस अबाउट द मेन्यू’ लिहिलं, तर तुम्ही लिहा, ‘येस, लेट अस डिस्कस द मेन्यू ऑन सॅटरडे’. ज्याला उचलायचं तो उचलतो, आणि कुणाचीही मान खाली जात नाही.

नातवाच्या बाबतीत मात्र थोडं ठाम राहा. तो शिकण्याच्या वयाचा आहे, आणि आजीनं शिकवणं हे त्याचं भाग्य आहे. पण एका वेळी एकच गोष्ट धरा. या महिन्यात फक्त ‘लूज’ आणि ‘लूझ’ : एकात दोन ‘ओ’ आणि अर्थ सैल, दुसऱ्यात एकच ‘ओ’ आणि अर्थ हरवणं. पुढच्या महिन्यात ‘कुड ऑफ’. ते ‘कुड हॅव’चं आखूड रूप कानाला ‘ऑफ’सारखं ऐकू येतं म्हणून होतं, हे सांगितलं की तो स्वतःच पकडतो. ‘पीएलझेड’ मित्राला लिहिलं तर लिहू द्या. बाईंना अर्ज लिहिताना पूर्ण ‘प्लीज’, एवढा फरक त्याला कळला की पुरे. आणि डायरीतल्या ‘टुडे इटसेल्फ’वर त्याच्यासमोर काही बोलू नका. ‘आजच्या आजच’ म्हणायचं आहे, हे आपल्याला कळतं. त्याचा त्याच्या मॅडमवरचा विश्वास आपल्या हातून ढळायला नको, त्याला त्या वर्गात रोज सहा तास काढायचे आहेत.

पाट्यांसाठी एक गंमत सांगते, राग थोडा उतरेल. कागद-पेनवाल्या ‘स्टेशनरी’त शेवटाकडे ‘ई’ आणि स्थिर या अर्थाच्या ‘स्टेशनरी’त ‘ए’. पण दोन्ही एकाच मुळाचे. फिरत्या विक्रेत्यांच्या उलट, एका जागी दुकान मांडून बसलेला पुस्तकवाला तो ‘स्टेशनर’. पाटीवर ‘ए’ लिहिणाऱ्या दुकानदाराचंही दुकान तिथेच स्थिर आहे. ओळखीचा असेल तर पुढची पाटी रंगवण्याआधी हळूच सांगा.

ही अडचण तुमच्या एकटीची नाही. निवृत्त बँकवाले, संपादन करणारे, इंग्रजी माध्यमात शिकलेली आणि आईवडिलांना टोकणारी तरुण मुलं, सगळ्यांच्या अशा चिठ्ठ्या मला येतात. त्या मुलांना तर मी जास्त कळकळीनं सांगेन : तुमच्या वडिलांनी बँकेत ‘मायसेल्फ’ने ओळख करून दिली म्हणून तुम्हाला लाज वाटली, तर आधी ती लाज कुठून आली ते बघा. त्यांनी त्या मोडक्या वाक्यांच्या जोरावर तुमची फी भरली आहे.

आता तुमचं काय करायचं ते. सुनेशी एकटीशी बोला, मराठीत, स्वयंपाकघरात किंवा संध्याकाळी फिरायला गेल्यावर. “मी ग्रुपवर लिहायला नको होतं” एवढंच म्हणा. ‘मी तुझ्या भल्यासाठीच’ हे वाक्य कितीही ओठावर आलं तरी म्हणू नका, ते ऐकून ती पुन्हा मिटेल. ती लगेच मोकळी झाली नाही तरी चालेल. मेलमध्ये मदत हवी का, हे त्याच दिवशी विचारू नका. काही आठवडे जाऊ द्या.

आणि दुरुस्ती ज्या ग्रुपवर केली, ती मागेही त्याच ग्रुपवर घ्यावी लागेल, एकांतातल्या माफीनं ते भागणार नाही. पुढच्या रविवारचं जेवण ठरेल तेव्हा निरोप तुम्ही टाका, आणि त्याच्या आधी दोन ओळी लिहा : “मागे मी ‘प्रीपोन’ हा शब्द इंग्रजीत नाही असं म्हटलं होतं. मी कोश पाहिला. शब्द आहे. सूनबाईचं बरोबर होतं, चूक माझी होती.” तिचे वडीलही ते वाचतील.